काकूंचं नाक

गल्लीत काकूंच्या नाकाला मान होता. राग त्याच नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा हे खरं, पण मान आधी. एकदा वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गॅसची नळी सैल झाली होती आणि घरातली चार माणसं खुशाल टीव्ही बघत बसली होती. काकू ओरडतच जिना चढल्या, खिडक्या सताड उघडल्या, आणि मग त्या चौघांची अशी हजेरी घेतली की त्यांना गॅस परवडला असता. तेव्हापासून कुणाकडे काही जळकं, कुबट, आंबूस वाटलं की हाक काकूंनाच.

या नाकाचा खरा दरबार भरायचा रविवारी, घरामागच्या छोट्या अंगणात. काका बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले, हातातला पाना सुटला आणि गळ आला. शनिवारी मुलाला घेऊन ते शहराबाहेरच्या तलावावर जात आणि पिशवीभर मासे आणत. काकू पदर खोचून लगेच साफ करायला बसत. पोट चिरायचं, कल्ले काढायचे, कण्याजवळचं काळं रक्त अंगठ्याच्या नखाने खरवडायचं. रात्रभर मासे मिठाच्या पाण्यात. सकाळी पुसून वाऱ्यावर टांगायचे, ते कातडीला बोट किंचित चिकटेपर्यंत. मग कपाट.

कपाट म्हणजे डेपोच्या भंगारातून आणलेलं उंच लोखंडी कपाट. एके काळी ड्रायव्हर लोक त्यात डबे आणि टोप्या ठेवत. काकांनी त्याचा रंग खरवडला, रिकामंच दोनदा चांगलं तापवून घेतलं, आत आडव्या सळया लावल्या, वर भोकं पाडून त्यांवर सरकती झडप बसवली. तळाशी निखाऱ्यांची पाटी, तिच्यावर फळझाडाच्या लाकडाचा भुसा आणि ढलप्या. सळयांना मासे टांगायचे, दार लावायचं, आणि मग दोन-तीन तास काकूंचं राज्य.

काकू कपाटाकडे पाठ करून स्टुलावर बसत. "डोळ्यांना काय कळतं? धूर दिसायला सगळा एकच," असं म्हणायच्या. बटाटे सोलता सोलता मध्येच मान वर करून सांगायच्या, "अहो, भुसा पेट घेतोय, पाणी शिंपडा." काका दार किलकिलं करून बघायचे, तर खरंच कोपऱ्यात इवलीशी ज्योत. शेवटी त्या एक लांब श्वास घेत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "वास सुटलाय. काढा." काढलेले मासे जुन्या पितळेच्या रंगाचे असत, आणि शेजारची दोन घरं तरी ताटल्या घेऊन कुंपणाशी उभी असत.

एका वर्षी मात्र काकूंना कशातच राम वाटेना. काकांनी आणलेले मासे बेचव. "तलाव गाळाने भरला असेल," त्या म्हणाल्या. बटाटे म्हणजे नुसता कापूस. चहा म्हणजे गरम पाणी. "हल्ली मिठालाच चव राहिली नाही," म्हणत त्यांनी मीठ वाढवलं, मग आणखी वाढवलं, आणि घरचे मुकाट्याने घासागणिक पाण्याचा घोट घेत जेवू लागले. बोलायची कुणाची छाती? वाघाला कोण म्हणणार, तुझं तोंड घाण?

सुताराला तर काकूंनी भर रस्त्यात गाठलं. हा म्हातारा सुतार कितीतरी वर्षं त्यांना भुसा देत होता.

"भुशात काय मिसळतोस रे? पूर्वीसारखा दरवळ नाही."

"काकू, लाकूड तेच आहे. तुमच्या नाकालाच विचारा."

"नाकालाच विचारून आलेय मी!"

सुताराने कोपरापासून हात जोडले, आणि त्यानंतर त्याच्या दुकानातून भुशाचा कणसुद्धा आला नाही.

आणि सगळ्यांत वाईट झालं ते छकुलीच्या बाबतीत. छकुली म्हणजे नात. सून शाळेत खेळाची शिक्षिका होती, अंगापिंडाने काटक, बोलायला मोकळी. बाळंत होऊन ती घरी आली तेव्हा काकूंनी मोठ्या हौसेने बाळाला मांडीवर घेतलं आणि टाळूला नाक लावलं. एकदा लावलं, पुन्हा लावलं. बघायला आलेल्या चार बायका समोर बसलेल्या. काकू म्हणाल्या, "हिच्या अंगाला बाळाचा वासच नाही गं! माझ्या मुलाच्या टाळूला कसा दुधाचा, उबेचा वास यायचा. कसल्या साबणाने धुतेस हिला? का दूधच पुरत नाही तुझं?"

सून बाळाला उचलून आत गेली. तेव्हापासून घरात तिचे शब्द मोजके झाले. "हो आई." "नाही आई." "ठेवलंय आई." काकूंना वाटलं, पोर झाली म्हणून तोरा आला हिला.

तर असा तो रविवार. काकांची थोरली बहीण मुद्दाम जेवायला आली होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईंना या माशांचं भारी वेड. सुताराने हात वर केल्यामुळे मुलाने फर्निचरच्या एका नव्या कारखान्याच्या दारातून ढलप्यांचं पोतं भरून आणलं होतं. वरच्या ढलप्या चांगल्या होत्या, म्हणून कुणी पोतं तळापर्यंत उपसून बघितलं नाही.

पहिला तास बरा गेला. काकू नेहमीसारख्या पाठ करून बसल्या होत्या, मांडीवर काकड्यांचं ताट. ताई समोर खुर्चीत. काका झडपेशी. मुलगा निखाऱ्यांवर पोत्यातल्या तळच्या ढलप्या न बघताच टाकून हात धुवायला गेला. सून छकुलीला खांद्यावर टाकून दारात उभी होती. वारा काकूंच्या पाठीला नव्हता, तिरका होता. धूर त्यांच्या डोक्यावरून ताईंच्या दिशेने चालला होता.

काकूंनी चाकू थांबवला. लांब श्वास घेतला, डोळे मिटले.

"ताई, वास सुटलाय बघा!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात वास."

काकूंनी डोळे उघडले. ताईंनी तोंडावर पदर गच्च दाबला होता आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. काका खोकत खोकत कपाटापासून मागे सरकत होते. सून छकुलीचं तोंड झाकून केव्हाच आत पळाली होती.

ताईंना वाटलं चेष्टा आहे. "वहिनी, पुरे गं तुझी थट्टा," त्या पदराआडून हसल्या. "टायर जाळलास की काय?"

काकू वळल्या. कपाटाच्या भोकांतून काळपट पिवळा, जाड धूर वळवळत निघत होता. काकांनी फडक्याने दार ओढून उघडलं आणि धावत आलेल्या मुलाने बादलीभर पाणी आत फेकलं. पाटीत फसफसून उरले ते प्लायचे तुकडे, रंगवलेले, सरसाचे थर उकळून फुगलेले. वर टांगलेल्या माशांवर काजळीचा चिकट लेप बसला होता.

"अगं, तुला आला नाही वास?" काकांनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच काकूंच्या काळजात धस्स झालं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"आला ना," त्या म्हणाल्या. "आला की. लाकडाचा."

म्हणजे काय आला होता? त्या तिथेच उभ्या राहून आठवू लागल्या. श्वास घेतला होता, हे खरं. छाती भरली होती. मग तो धुराचा वास, गोडसर, ओळखीचा, तो नाकात आला होता की नुसता डोक्यात होता? त्यांनी पुन्हा श्वास घेतला. घसा चुरचुरला. बाकी काही नाही. रिकाम्या डब्यात वाकून बघावं तसं.

मुलगा स्वयंपाकघरात धावला आणि कॉफीचा डबा घेऊन आला. "आई, डोळे मीट. हे काय आहे?"

"हा काय पोरखेळ?"

"मीट ना."

काकूंनी डोळे मिटले. नाकाखाली काहीतरी आलं, गेलं. मग दुसरं काही. मग तिसरं, ओलसर काही.

"आण ना काहीतरी," त्या म्हणाल्या. "नुसता हात काय फिरवतोस?"

डोळे उघडले तेव्हा मुलाच्या एका हातात कॉफीचा डबा होता, स्टुलावर धुण्याचा साबण होता, आणि दुसऱ्या हातात पेट्रोलमध्ये बुडवलेला बोळा, त्यांच्या नाकापासून चार बोटांवर. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईंचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. कुणी त्या क्षणी काकूंना चाकू लावला असता तर रक्ताचा थेंब निघाला नसता.

त्या आत गेल्या. न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि हाताला लागेल ते नाकाशी धरू लागल्या. शाम्पू. फिनेल. काकांचा घामट शर्ट. त्यांनी तो शर्ट चेहऱ्यावर दाबून धरला, लग्नापासूनची ओळख असल्यासारखा, आणि शर्टाने त्यांना ओळखच दाखवली नाही. मग गॅस आठवला. त्या रोज सकाळी शेगडी पेटवत होत्या. रात्री बंद करत होत्या. कशाच्या भरवशावर?

बाहेर येताना पलीकडच्या खोलीत छकुली पाळण्यात हातपाय हलवत होती. सून तिचे कपडे घडी करत होती. काकू दारातच थबकल्या.

हिच्या अंगाला बाळाचा वासच नाही.

ते वाक्य त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, चार बायकांसमोर, ठणठणीत. त्यांनी चौकटीचा आधार घेतला. म्हणजे तेव्हाही. म्हणजे तेव्हापासून.

"अगं," त्या कशाबशा म्हणाल्या, "हिला वास होता."

सुनेने घडी अर्धवट ठेवली आणि वर पाहिलं.

"हिला होता गं वास. मलाच येत नव्हता."

सून उठून आली नाही, जवळ घेतलं नाही. तिचे डोळे मात्र भरून आले, आणि ती पटकन खाली बघून पुन्हा घडी घालू लागली. एकच छोटं झबलं तिने तीनदा उलगडलं आणि तीनदा त्याची घडी केली.

दुसऱ्या दिवशी नाक-कान-घशाचे डॉक्टर झाले. त्यांनी नाकात दिवा घालून बघितलं, नाक स्वच्छ आहे म्हणाले, आणि डोक्याचा फोटो काढून आणायला सांगितलं. 'नाक बिघडलं तर डोक्याचा फोटो कशाला' म्हणून काकू वाटभर कुरकुरल्या. फोटो आला तो थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला. या बाई वयाने तरुण, बोलायला शांत होत्या. त्यांनी पडद्यावर काकूंच्या डोक्याचं चित्र लावलं. कपाळाच्या मागे, नाकाच्या छताला चिकटून, एक गोल पांढरा डाग बसला होता, चांगला मोठ्या लिंबाएवढा.

"ही गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सरची नाही. पण वासाच्या नसा तिच्याखाली चिरडल्यात. अशा गाठी फार हळू वाढतात, दहा-दहा वर्षं. वास इतका हळूहळू जातो की माणसाला पत्ता लागत नाही. आठवणच वासाचं काम करत राहते."

काका खुर्चीत पुतळ्यासारखे बसले होते. दहा वर्षं रोज ज्या कपाळाकडे बघून चहा प्यायचा, त्याच्या मागे हे बसलं होतं.

"यांची चिडचिड वाढली होती का अलीकडे?" डॉक्टरांनी विचारलं. "या जागेच्या गाठीने स्वभावातही फरक पडू शकतो."

काकांनी घसा खाकरला. "वाढली म्हणजे… मूळची किती होती ते आधी ठरवावं लागेल."

मुलगा फस्सकन हसला आणि त्याच हसण्यात रडू लागला. काकूंनी नवऱ्याकडे असा कटाक्ष टाकला की डॉक्टरांना उत्तर आपोआप मिळालं.

"आणखी थोडी वाढली असती तर नजर गेली असती," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर आलात."

गाठ काढायचं ठरलं. वास परत येईल का, असं काकूंनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. "नाही. त्या नसा गेल्यात. आपण बाकीचं वाचवतोय."

काका आणि मुलगा औषधं आणायला गेले, आणि बाहेरच्या बाकावर काकूंजवळ बरोबर आलेली सून एकटी उरली. बराच वेळ ती चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

"आई, एक सांगायचंय. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुमच्या नाकाचं. मागे एकदा तुम्ही नासलेल्या दुधाचा चहा केलात आणि स्वतः अर्धा कप प्यायलात. बाकीच्यांचा मी ओतून दिला आणि नवा केला. तेव्हाच कळलं मला. मग मी रोज लक्ष ठेवत होते. दूध, मासे, गॅस. रात्री तुम्ही झोपलात की शेगडी मी तपासायची." ती थांबली. "पण तुम्हाला सांगितलं नाही. कुणालाच नाही. छकुलीबद्दल बोललात ते डोक्यात बसलं होतं. मनात म्हटलं, कळू दे एक दिवस यांना. चारचौघांत कळू दे."

गाठीने बसला नव्हता असा धक्का काकूंना या शब्दांनी बसला. शेजारच्या खोलीत, त्यांच्याच ताटात जेवण वाढत, ही पोर इतके दिवस हे पोटात घेऊन वावरत होती. त्यांचा हात उचलला गेला. मारायला की आणखी कशाला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"आणि कळलं चारचौघांत," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. आणि मला तोंडावर आपटल्यासारखं झालं." सून आता हुंदके देत होती. "डॉक्टरांना मी आत विचारलं, आधी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, एवढ्याने फरक पडला नसता. पण पडला असता तर?"

काकूंनी उचललेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. जड ठेवला, थोपटलं वगैरे नाही. "मी जे बोलले ते काय गाठ बोलली असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "वास गाठीने नेला. जीभ माझीच होती." आणि थोड्या वेळाने, "गॅस रोज तपासायचीस?"

"रोज."

"बरं झालं."

ऑपरेशन झालं. डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत शिवण आली आणि केस गेले. घरी आल्यावर काकू आठवडेच्या आठवडे खिडकीशी बसून राहिल्या. जेवण म्हणजे नुसतं चावणं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळे, त्यापलीकडे भिंत. स्वयंपाकघरात गॅस वाजवून सांगणारं एक यंत्र बसवलं गेलं, त्याचा हिरवा दिवा त्या दिवसातून दहादा जाऊन बघत. मुलाने जाऊन सुताराला सगळं सांगितलं, तेव्हा तो स्वतः भुशाचं पोतं घेऊन आला आणि दारात टेकवून गेला. काका तलावावर जात होते, पण मासे परस्पर वाटून टाकत. कपाट घासूनपुसून कोपऱ्यात उभं होतं. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग एका रविवारी अंगणातून खटपट ऐकू आली. काका आणि मुलगा दोघांनी मिळून कपाट पेटवलं होतं. काकूंनी खिडकीतून बघितलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. मासे नीट सुकवलेलेच नव्हते, पोटातून पाणी ठिबकत होतं. झडप पूर्ण बंद. आणि काका थर्मामीटर घेऊन उभे, ताप बघायचा, माणसाचा!

"अहो, माशाला ताप आलाय का?" त्या डोक्याला रुमाल बांधून बाहेर आल्या. "व्हा बाजूला. झडप उघडा आधी."

स्टूल आणलं गेलं. या वेळी काकू कपाटाकडे तोंड करून बसल्या. धूर दिसत होता, पातळ, पांढरा. दिसत होता, बस. त्यांनी श्वास घेतला आणि तीच ती रिकामी जागा लागली. याची सवय होईल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, ती झाली नव्हती. त्या उठायच्या बेतात होत्या. इतक्यात सून छकुलीला कडेवर घेऊन दारात आली.

"इकडे ये," काकू म्हणाल्या. "कसला वास येतोय, सांग."

सून गोंधळली. "धुराचा."

"ते आंधळ्यालाही कळेल. नीट सांग."

सुनेने नाक वर केलं, खेळाच्या तासाला शिट्टी फुंकण्याआधी मुलींकडे बघावं तसं गंभीर तोंड केलं. "ओल्या स्वेटरवरून इस्त्री फिरवल्यासारखा."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अजून पाणी आहे आत. दार थोडं उघडं ठेवा, वाफ जाऊ दे."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"आता… नवीन पेन्सिलला टोक केल्यासारखा."

"हं. हा भुसा. मासा अजून बोलत नाहीये. थांब."

काका आणि मुलगा एकमेकांकडे बघत होते. छकुलीने आजीच्या रुमालाचं टोक पकडून ओढलं. काकूंनी ते सोडवलं नाही.

"आता?"

सुनेने एक लांब श्वास घेतला. "आई, हे कशासारखं म्हणू? वास आला आणि… भूक लागली. लहानपणी बाहेरून खेळून आल्यावर लागायची तशी."

"काढा," काकू म्हणाल्या.

मासे पितळी रंगाचे झाले होते, कडेला जरा जास्तच काळे. काकूंनी एक उलगडून बघितला, कण्यापासून मांस सुटतंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मान हलवली. एक तुकडा तोंडात टाकला. कोमट. खारट. दाताखाली मऊसर धागे. त्यापुढे काहीच नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी चावून गिळला.

"तू खा," त्या सुनेला म्हणाल्या आणि दुसरा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "आणि खाताना सांग मला. घाईघाईने नाही. पहिल्यांदा काय लागतं, मग काय लागतं, सगळं."